वरिष्ठ श्रेणीचं प्रशिक्षण आणि बसलेला आवाज

काल गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण विभागाच्या केंद्रात, वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव जमा केला, पोच घेतली, घरी आले आणि बऱ्याच दिवसांनी पाय वर घेऊन निवांत बसले. एप्रिलपासून प्रशिक्षण, दवाखाना, अर्ज, परत दवाखाना हे जे चक्र चालू होतं ते सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय. त्या दिवसांत रात्री मोबाईल घेऊन मी किती शोधलं, की प्रशिक्षण चार दिवसांवर आलंय आणि डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय तर शिक्षकाने करायचं काय, पण कुठे काही मिळालं नाही. पुढच्या वर्षी माझ्यासारखी कुणी अडकली तर तिला निदान हे मिळावं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तिसरीचा वर्ग. 2010 ला रुजू झाले, म्हणजे बारा वर्षं 2022 ला भरली. बाहेरच्यांसाठी सांगते, आपल्याकडे बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी मिळते, पण आपोआप नाही, त्यासाठीचं प्रशिक्षण पूर्ण केलेलं लागतं. जुने गुरुजी अजून याला 'चटोपाध्याय' म्हणतात, ऐंशीच्या दशकात शिक्षकांसाठी जो राष्ट्रीय आयोग नेमला त्याच्या अध्यक्षांचं ते नाव. "तुमचा चटोपाध्याय झाला का?" असं कुणी विचारलं की मी नोकरीच्या सुरुवातीला गोंधळून जायचे. तर, याआधीचं प्रशिक्षण 2022 ला ऑनलाइन झालं तेव्हा नोंदणीच्या वेळी माझी बारा वर्षं भरायला थोडे महिने कमी होते, नंबर हुकला, आणि मग तीन वर्षं नुसती वाट बघण्यात गेली. त्यामुळे यंदा 2025 ला प्रशिक्षण प्रत्यक्ष होणार असं पत्र ग्रुपवर पडलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, हे आधी सांगते, कारण पुढे रडगाणंच जास्त येणार आहे.

नोंदणी पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या पोर्टलवर होती. शालार्थ (आमच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली) आयडी, मोबाईल, ओटीपी, गट (प्राथमिकवाले गट क्रमांक 1 मध्ये), श्रेणी कोणती ते, आणि शुल्क 2000 रुपये. फॉर्म अर्ध्या तासाचा, पण मला दोन दिवस लागले, कारण माझं नाव. सेवापुस्तकात लग्नाआधीचं नाव आणि पुढे नावात बदल केल्याची नोंद, शालार्थला लग्नानंतरचं, आणि डीएडच्या प्रमाणपत्रावर अर्थातच आधीचं. प्रमाणपत्र कुठल्या नावाने छापून येणार याचा विचार फॉर्म भरायच्या आधी करा, भरल्यावर नाही. मी सरळ मुख्याध्यापकांना विचारलं, ते म्हणाले पगार ज्या नावाने निघतो तेच टाका, नावबदलाच्या राजपत्राची प्रत प्रस्तावाला जोडू. पुढे तेच उपयोगी पडलं. पैसे भरताना आमच्याकडचं नेट गेलं, खात्यातून 2000 कापले गेले आणि पावती काही दिसेना. घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. मी बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवला, तिसऱ्या दिवशी लॉगिन करून बघितलं तर स्टेटस बदललेलं होतं. पावतीच्या दोन प्रिंट काढल्या, एक फाईलला, एक पर्समध्ये.

आता तब्येतीचं. दोन दुखणी होती, दोन्ही छोटी, आणि छोटी म्हणूनच मी ती अंगावर काढली.

पहिली टाच. जानेवारीपासून सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं, दहा-पंधरा पावलं चाललं की कमी, दुपारी वर्गात तीन तास उभं राहिलं की परत. सासूबाई म्हणायच्या गरम विटेने शेक, तो दिला, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. दुसरा आवाज. यंदा परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालल्या, वर्ग पत्र्याचा, ऊन मी म्हणत होतं, दोन वर्ग एकत्र बसवलेले, सूचना ओरडून द्यायच्या, तोंडी परीक्षा घ्यायची. आवाज घोगरा व्हायला लागला. दरवर्षी होतो, सुट्टी लागली की जातो, असं मी गृहीत धरलं. 1 मेला निकाल वाटले तेव्हा पालकांशी बोलताना मधले मधले शब्दच उमटत नव्हते, नुसती हवा यायची. हळदीचं दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, सगळं केलं. मे महिन्यात पाऊस लागला, गारवा आला, तरी आवाज तसाच. सतत खाकरत होते, घशात काहीतरी अडकलंय असं वाटायचं आणि खाकरलं की क्षणभर मोकळं वाटायचं.

25 मेला दिराच्या मुलीचं लग्न. मांडवात स्पीकरच्या आवाजावर बोलून बोलून दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आवाज पूर्ण गेलेला. मुलाला हाक मारायला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. तो समोरच बसला होता, त्याला कळलंसुद्धा नाही की मी बोलायचा प्रयत्न करतेय. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. शिक्षकाचं दुसरं काय आहे हो, आवाजच तर आहे.

29 मेला जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. नंबर आधी फोनवर मिस्टरांनी लावला होता तरी दोन तास बसावं लागलं. तपासणी 500 आणि दुर्बिणीची तपासणी 1200. ही तपासणी कशी होते ते नीट सांगते, कारण मला त्याचीच भीती होती. आधी घशात एक कडू स्प्रे मारतात, दोन मिनिटांत घसा आणि जिभेचं मूळ जड होतं, गिळता येत नाहीये असं वाटतं, पण गिळलं जात असतं, घाबरायचं नाही. मग जीभ बाहेर काढायला सांगून ती कापडाच्या तुकड्याने डॉक्टर स्वतः धरतात आणि पेनाएवढी जाड, टोकाला दिवा असलेली नळी तोंडातून आत घेतात. "ईऽऽ म्हणा" म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. उमासा आला एकदा, नाकाने श्वास घ्या म्हणाले तसा थांबला. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा नाही.

समोर स्क्रीनवर माझे स्वरतंतू दिसत होते. मी कल्पना केली होती तारेसारखं काहीतरी असेल, तर ते दोन पांढरट पट्टे, उलट्या व्ही सारखे, बोलताना जवळ येणारे. डॉक्टरांनी चित्र थांबवून दाखवलं, दोन्ही पट्ट्यांच्या कडा लाल आणि सुजलेल्या, आणि दोन्हीवर समोरासमोर एकेक छोटासा उंचवटा, मोहरीपेक्षाही लहान. म्हणाले बाईमाणूस बोलतं तेव्हा हे पट्टे सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात, तुम्ही ओरडता तेव्हा ते जास्त जोरात आपटतात, आणि तुम्ही दिवसाचे पाच तास, बारा-पंधरा वर्षं हे करताय. हाताला घट्टा पडतो तसंच हे. गायकांना होतं, शिक्षकांना होतं, भाजी विकणाऱ्यांना होतं. मला आतल्या आत कॅन्सरची भीती होती, ती मी कुणालाच बोलून दाखवली नव्हती, पाटीवर लिहून विचारलं. ते म्हणाले तसं काही नाही, पण तीन आठवड्यांच्या वर आवाज घोगरा राहिला तर कुणीही थांबायचं नाही, दाखवायचंच, तुम्ही महिन्याच्या वर थांबलात. रागावले नाहीत, पण मला वाईट वाटलं.

औषधं 640 रुपयांची, त्यात ॲसिडिटीची गोळी पण होती कारण रात्री उशिरा जेवून लगेच झोपलं की आम्ल वर घशापर्यंत येतं आणि सूज उतरत नाही. आणि खरं औषध वेगळंच होतं. सात दिवस मौन. पूर्ण. कुजबूजही नाही, कारण कुजबुजताना उलट स्वरयंत्रावर ताण येतो, हे मला बिलकुल माहीत नव्हतं, मी तीन दिवस घरात कुजबुजूनच कारभार चालवत होते. खाकरायचं नाही, त्याऐवजी घोटभर पाणी प्यायचं किंवा नुसतं गिळायचं. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, साध्या पाण्याची वाफ.

सात दिवस म्हणजे 5 जूनपर्यंत. प्रशिक्षण 2 जूनला सुरू.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन वर्षं वाट बघितलेली, हजेरी सक्तीची, एक दिवस जरी गैरहजर तर काय होईल याच्या ग्रुपवर वेगवेगळ्या अफवा, आणि पुढचं प्रशिक्षण कधी लागेल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. मिस्टर म्हणाले तू जा, बसून तर राहायचंय, बोलू नको. मला वाटत होतं तिथे गटचर्चा, सादरीकरण असणार, न बोलता कसं चालेल. शेवटी सकाळी परत डॉक्टरांना मेसेज करून प्रमाणपत्र मागितलं, त्यांनी 'आवाजास पूर्ण विश्रांती आवश्यक, उपस्थित राहण्यास हरकत नाही' असं लिहून दिलं. ही दुसरी ओळ महत्त्वाची आहे. नुसतं 'विश्रांती आवश्यक' लिहिलं तर समोरचा म्हणणार मग घरी बसा. मी केंद्र समन्वयकांच्या नावाने साधा अर्ज लिहिला, प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली, दोन प्रती केल्या.

2 जूनला सकाळी साडेसहाची एसटी. तालुक्याहून जिल्ह्याला सव्वा तास, महिलांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे जाऊन-येऊन खर्च फार झाला नाही. केंद्र एका मोठ्या शाळेत होतं, आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. टाचेने तिथेच पहिला इशारा दिला. बाकं मुलांची, पंखे दोन, त्यातला एक बंद, आणि पाण्याची सोय पहिले दोन दिवस फक्त तळमजल्यावर. तक्रार करून उपयोग झाला, तिसऱ्या दिवशी वर जार आले, पण तोपर्यंत तीन मजले उतरायला नको म्हणून बऱ्याच बायका पाणीच कमी पीत होत्या, आणि वॉशरूमही खालीच. हे सांगायला हवं होतं म्हणून सांगतेय. दीड-दोन लिटरची बाटली घरून भरून न्या, बसायला छोटी उशी न्या, डबा न्या.

समन्वयक सरांनी अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही आलात हेच पुष्कळ झालं. सही करा आणि बसा." दुसऱ्या प्रतीवर पोच पण दिली. मी आदल्या रात्री मनात शंभर उत्तरं तयार ठेवली होती, एकही लागलं नाही. डोळ्यात पाणी आलं माझ्या तिथेच.

बोलण्यासाठी मी मुलाची ती बटण दाबलं की पुसली जाणारी पाटी नेली होती. शेजारी आश्रमशाळेवरच्या एक मॅडम बसल्या, त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत स्वतःहून माझं काम अंगावर घेतलं, कुणी माझ्याशी बोलायला आलं की "बाईंना मौन आहे, पाटीवर विचारा" असं सांगायच्या. पुढचे सगळे दिवस त्यांनी माझ्यासाठी जागा धरली. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

प्रशिक्षणाचा विषय बराचसा नवीन धोरणाचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020, शाळेच्या वर्षांचा तो पाच-तीन-तीन-चारचा आकृतिबंध, समग्र प्रगती पत्रक, क्षमतांवर आधारित मूल्यांकन, प्रश्न कसे काढायचे, कृतिसंशोधन. धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तासांचं प्रशिक्षण घ्यावं अशी अपेक्षा आहे हे बऱ्याच जणांना तिथेच कळलं. काही तासिका नुसत्या पीपीटी वाचून दाखवण्याच्या झाल्या, त्या वेळी मागच्या बाकांवर लोक डुलक्या काढत होते आणि त्यांना दोष द्यावासा मला वाटला नाही, पहाटे पाचला उठून आलेली माणसं ती. पण मूल्यांकनावरच्या तासिका फार चांगल्या होत्या. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे सर, स्वतः वर्गावर शिकवणारे होते. त्यांनी तिसरीच्या गणिताचा एकच प्रश्न घेतला, '45 मधून 18 वजा करा', आणि मुलांनी दिलेली चार चुकीची उत्तरं फळ्यावर लिहून विचारलं की प्रत्येक मुलाने काय विचार केला असेल सांगा. 33 लिहिणाऱ्याने आठातून पाच वजा केले, लहान आकडा मोठ्यातून काढायचा एवढंच त्याला माहीत. 37 लिहिणाऱ्याने हातचा घेतला पण दशकातून कमी केला नाही. 63 वाल्याने बेरीजच केली. चौथं उत्तर 28, त्यावर वर्गात अर्धा तास वाद झाला आणि शेवटी सर म्हणाले, हा मुलगा बोटांवर मोजत उलटा गेला आणि 45 हाच पहिला धरला. मी हे चारही वहीत उतरवून घेतले आणि त्यापुढे माझ्या वर्गातल्या मुलांची नावं लिहिली. तीन नावं लगेच सुचली.

आता गटचर्चेचं सांगते, कारण त्या चार दिवसांत मला जे वाटलं ते प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात नव्हतं. आठ जणांचा गट. सुलभक प्रश्न देतात, सगळे बोलायला लागतात, मला उत्तर माहीत असतं, मी पाटी घेते, लिहायला लागते. माझं वाक्य अर्धं होईपर्यंत चर्चा दुसऱ्या मुद्द्यावर गेलेली. मी पाटी वर धरते, एखादा बघतो, मान हलवतो, आणि पुढे बोलायला लागतो. वाईट कुणीच नव्हतं, सगळे चांगलेच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा बटण दाबून पुसलं. पाचव्यांदा लिहिलंच नाही. तिथे बसल्या बसल्या मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. ऊसतोडीवरून परत आलेलं कुटुंब, घरी बंजारा बोली, वर्गात आला आणि जवळजवळ दोन महिने तोंड उघडलं नाही. मी त्याला प्रेमाने विचारायचे, पण दोन-तीन सेकंद थांबायचे आणि मग पुढच्याला विचारायचे. चाळीस मुलं असतात, थांबणार किती, असं मी म्हणायचे. माझ्या प्रगती नोंदीत त्याच्या नावापुढे 'प्रतिसाद देत नाही' असं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. ते आठवून मला त्या बाकावर बसवेना.

तिसऱ्या दिवशी आश्रमशाळेच्या मॅडमनी गटाला सांगितलं की आधी दोन मिनिटं सगळ्यांनी वहीत लिहायचं आणि मग बोलायचं. त्यांच्या शाळेत कोरकू ही आदिवासी भाषा बोलणारी मुलं आहेत, त्या तसंच करतात म्हणे. त्या दिवशी माझी पाटी सगळ्यांच्या वहीबरोबर तयार होती. गटाचं सादरीकरण दुसऱ्या सरांनी केलं, तक्ता पूर्ण मी काढला होता, माझी सही त्यावर बाकीच्यांसारखीच झाली.

6 जूनला प्रशिक्षण सुटल्यावर परस्पर संध्याकाळच्या ओपीडीत गेले. परत स्प्रे, परत नळी, यावेळी भीती नव्हती. सूज बरीच उतरली होती, उंचवटे तसेच पण मऊ आहेत म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, बोलायची पद्धत बदलावी लागेल. तासाला पाच-सात मिनिटं हळू आवाजात बोलायची परवानगी मिळाली. सात दिवसांनी पहिला शब्द मी मुलाचं नाव उच्चारलं, फोनवर. तो म्हणाला, "आई, तुझा आवाज बारीक झालाय." पुढे वाचा-उपचार तज्ज्ञांकडे सहा वेळा पाठवलं, दर वेळी 400 रुपये. तिथले व्यायाम घरी करण्यासारखे आहेत पण एकदा तरी समोर बसून शिकून घ्या. ग्लासात पाणी घेऊन त्यात स्ट्रॉ बुडवायची आणि 'ऊऽऽ' असा आवाज काढत बुडबुडे काढायचे, तोंड मिटून गुणगुणायचं, पोटाने श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं हे काय, पण पंधरा दिवसांनी घशातला तो अडकल्याचा भास गेला.

रविवारी, 8 तारखेला, टाचेला दाखवलं. तिसऱ्या मजल्याने त्या आठवड्यात पार वाट लावली होती, एसटीतून उतरताना पाय टेकवत नव्हता. डॉक्टरांनी टाचेच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबलं तशी मी ओरडलेच, आणि लगेच लक्षात आलं की ओरडायचं नव्हतं. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाला एक जाड पट्टा असतो, तो ताणून सुजलाय म्हणाले. रात्रभर तो आखडतो म्हणून सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट. एक्सरेत हाड वाढलेलं दिसलं होतं त्याची मी धास्ती घेतली, पण तसं हाड न दुखणाऱ्या माणसांतही दिसतं, त्यावर जाऊ नका म्हणाले. फिजिओचे पाच दिवस 300 प्रमाणे, आणि चपलेत घालायची सिलिकॉनची टाच 350. सगळ्यात जास्त गुण दोन फुकटच्या गोष्टींनी आला. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवायच्या आधी ओढणी तळव्याला अडकवून पंजा स्वतःकडे तीस सेकंद ओढायचा, तीन-चार वेळा. आणि संध्याकाळी फ्रीजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली घेऊन दहा मिनिटं लाटण्यासारखी फिरवायची. घरात फरशीवर अनवाणी चालायचं पूर्ण बंद केलं. याला महिने लागतात, आठ दिवसांत बरं होईल अशी आशा धरू नका, मी धरली आणि उगाच निराश झाले.

12 जूनला प्रशिक्षण संपलं. शेवटची चाचणी अवघड नव्हती, रोज वहीत लिहिणाऱ्याला तर नाहीच. स्वाध्याय शेवटच्या रात्रीवर ठेवू नका एवढंच, मी रोज एसटीत परत येताना कच्चं लिहायचे. निघताना कार्यमुक्तीचं आणि उपस्थितीचं पत्र हातात घेऊनच बाहेर पडा. आपण दीर्घ सुट्टी असलेल्या खात्यातले कर्मचारी, सुट्टीत प्रशिक्षणाला हजर राहिल्याच्या बदल्यात अर्जित रजा खात्यावर जमा करून घेता येते, पण त्यासाठी तारखांचं पत्र लागतं. आमच्या गटातल्या तिघांनी ते घेतलंच नव्हतं, परत जावं लागलं.

16 जूनला शाळा उघडली. प्रवेशोत्सव, फुलं, पुस्तकं, आणि दुपारी पत्र्यावर धो धो पाऊस. दरवर्षी अशा पावसात मी पावसाच्या वर आवाज चढवून शिकवत आलेय. यावेळी नाही. फळ्यावर लिहिलं, 'पाऊस थांबेपर्यंत वहीत पावसाचं चित्र काढा', आणि खुर्चीवर बसले. कमरेला अडकवायचा छोटा माइक 900 रुपयांना घेतलाय, पहिले दोन दिवस मुलं हसली, आता त्यांना त्याचं काही वाटत नाही. लक्ष वेधायला हाक मारायच्या ऐवजी दोन टाळ्या, मुलं तीन टाळ्यांनी उत्तर देतात.

प्रमाणपत्राची वाट बघण्यात बरेच दिवस गेले. ते आल्यावर प्रस्ताव. आमच्याकडे मागितलं ते असं, नेमणूक आदेश, सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची आणि नावबदलाच्या नोंदीची प्रत, शैक्षणिक आणि व्यावसायिक पात्रतेची प्रमाणपत्रं, संगणक अर्हता, स्थायित्व आदेश (नोकरी कायम झाल्याचा), गोपनीय अहवाल (दर वर्षीच्या कामाचा), प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, माझ्या बाबतीत राजपत्र. तुमच्या तालुक्यात एखादा कागद कमी-जास्त असेल, आधी विचारून जा. माझा एका वर्षाचा गोपनीय अहवाल सापडत नव्हता, बदली झालेल्या जुन्या शाळेतून मिळवायला आठवडा गेला. हा एकच कागद सगळ्यांचा अडतो असं क्लार्क दादा म्हणाले, तो आत्तापासून गोळा करायला घ्या.

एकूण खर्च जोडला तर शुल्क धरून नऊ हजारांच्या आसपास गेला, त्यात दवाखान्याचाच मोठा. एप्रिलमध्येच घसा दाखवला असता तर निम्म्यात भागलं असतं.

तो मुलगा यंदा चौथीत गेलाय, माझ्याकडे नाही. पण चौथीच्या बाई रजेवर होत्या तेव्हा दोन दिवस वर्ग माझ्याकडे होता. मी प्रश्न विचारला, सगळ्यांना आधी पाटीवर लिहायला सांगितलं आणि फिरत फिरत त्याच्यापाशी थांबले. त्याने हाताने पाटी झाकली होती. मी उभी राहिले, टाच दुखायला लागली तशी शेजारच्या बाकावर बसले. बऱ्याच वेळाने त्याने हात काढला. 27 लिहिलं होतं, बरोबर होतं.

डॉक्टरांनी पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत ठेवलीय.